धुण्याच्या नॅपी, बोअरचं पाणी आणि माळव्याचं ऊन

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरला सुदामा नगरात दुसऱ्या मजल्यावरचं घर, बाळ चार महिन्यांचं. वीस पॉकेट नॅपी (बाहेर कव्हर, आतल्या खिशात काढता-घालता येणारं शोषक इन्सर्ट) घेतल्या आहेत. फ्रंट लोड मशीन रोज ६० अंशांवर लागतं आणि नंतर सगळं ड्रायरमध्ये जातं. वापरायला बोअरचं पाणी, नर्मदेचा नळ एक दिवसाआड. नॅपी कडक झाल्या आहेत, बाळानं शू केली की नाकाला झोंबणारा वास येतो, विजेचं बिल चढलंय. ताई विचारतात, एवढं करून बाजारच्या डायपरपेक्षा पर्यावरणाचं काही भलं होतंय का? आणि होत नसेल तर काय बदलायचं?

आत्ता चाललंय तसंच चालू राहिलं तर भलं होत नाही, हे आधी स्पष्ट सांगायला हवं. पण दोष नॅपीचा नाही. डायपरचा बोजा बहुतेक सगळा कारखान्यातच ठरून येतो. घरी आणल्यावर आपल्या हातात फारसं काही उरत नाही. धुण्याच्या नॅपीचं उलटं आहे. तिनं हवेत किती कार्बन सोडायचा हे मुख्यतः आपल्या मशीनवर आणि दोरीवर ठरतं.

हिशेब मांडून पाहा. ६० अंशांच्या कॉटन प्रोग्रॅमला फ्रंट लोड मशीन साधारण एक युनिट वीज घेतं. दहा-बारा जाड नॅपींमधलं पाणी उडवायला ड्रायरला आणखी दोनेक युनिट लागतात. रोजची तीन, वर्षाची सुमारे १,१००. आपल्याकडची वीज अजून मुख्यतः कोळशाची, एका युनिटामागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. म्हणजे वर्षाला साडेसातशे किलोहून जास्त. आता तेच धुणं एक दिवसाआड, ४० अंशांवर, आणि वाळवण दोरीवर असं धरा. खेपेला अर्धं युनिट, वर्षाला नव्वद-पंच्याण्णव युनिट, पासष्ट किलोच्या आसपास कार्बन. बाळ तेच, नॅपी त्याच, मशीनही तेच.

इंग्लंडच्या एन्व्हायर्नमेंट एजन्सीनं २००८ साली हीच तुलना केली होती. अडीच वर्षांच्या वापराला डायपरचे सुमारे ५५० किलो कार्बन आणि सरासरी सवयीनं धुतलेल्या नॅपीचे ५७० किलो, म्हणजे जवळजवळ बरोबरी. पण त्याच अभ्यासात पुढचं वाचण्यासारखं आहे. सगळं ड्रायरमध्ये वाळवलं तर धुण्याच्या नॅपीचा आकडा ४३ टक्क्यांनी चढतो, ६० ऐवजी ९० अंशांवर धुतलं तर ३१ टक्क्यांनी. उलट मशीन नीट भरून लावलं, नेहमी बाहेर दोरीवर वाळवलं आणि त्याच नॅपी दुसऱ्या बाळाला वापरल्या, तर तो ४० टक्क्यांनी उतरतो. २०२३ मध्ये ब्रिटिश सरकारनं प्रसिद्ध केलेल्या नव्या अभ्यासात धुण्याच्या नॅपी कार्बनच्या हिशेबात डायपरपेक्षा २५ टक्के हलक्या ठरल्या. मात्र दरम्यान तिथल्या विजेतला कोळसा जवळजवळ संपत आला होता; आपल्याकडे तसं नाही. म्हणून तिथल्यापेक्षा इथे उष्णतेच्या प्रत्येक युनिटाकडे जास्त काटेकोरपणे पाहायला हवं. त्या बदल्यात इथे एक गोष्ट आहे जी लंडनला नाही: वर्षातले आठ महिने गच्चीवर फुकट मिळणारं कडक ऊन.

ड्रायर आधी बंद करा

बाकी सगळे बदल मिळून जेवढं वाचवतील त्याहून जास्त या एका बदलानं वाचेल. गच्ची सामाईक असेल तर बिल्डिंगमध्ये बोलून एक दोरी मागून घ्या. नसेल तर गॅलरीत दुपारी दोन-तीन तास ऊन येतं ती बाजू शोधा.

वाळवण्याची खरी सुरुवात मशीनमध्ये होते. स्पिन १,००० ते १,२०० फेऱ्यांवर ठेवा. ६०० वर सोडलेली नॅपी हातात घेतली तर जड लागते आणि उन्हातही दुप्पट वेळ घेते. स्पिनला लागणारी वीज अगदी थोडी, तेवढंच पाणी उष्णतेनं उडवायचं म्हटलं तर कितीतरी जास्त.

पॉकेट नॅपी असेल तर आतलं इन्सर्ट बाहेर काढून वेगळं वाळवा. सुती इन्सर्ट थेट उन्हात घालायला हरकत नाही, फायदाच आहे: अंगावरच्या दुधावरच्या बाळाच्या शीचे पिवळे डाग ओलं कापड उन्हात घातलं की एक-दोन दुपारींत फिके पडतात. तो डाग म्हणजे मळ नव्हे, त्यासाठी पुन्हा धुऊ नका. बाहेरचं कव्हर मात्र सावलीत, वाऱ्यावर. त्यावर पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो (पीयूएल म्हणतात तो हाच) आणि कडेला इलॅस्टिक. एप्रिल-मेच्या इंदुरी उन्हात रोज पाच-सहा तास पडलं तर दोन्ही लवकर मरतात, आणि वर्षभरात फेकलेलं कव्हर म्हणजे वाचवलेला सगळा कार्बन पाण्यात. कव्हर इलॅस्टिकवर लोंबकळत टांगू नका. दोरीवर मधोमध आडवं टाका.

हिवाळ्याची काळजी करायचं कारण नाही. डिसेंबर-जानेवारीत माळव्यात थंडी असली तरी हवा कोरडी असते; सकाळी नऊला घातलेलं मलमलचं बाळोतं जेवणाच्या आधी वाळतं. फक्त संध्याकाळी दंव पडायच्या आत उचला. खरी अडचण जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत. तेव्हा मशीनमध्ये स्पिन दोनदा चालवा, बाळोती कोरड्या पंच्यात गुंडाळून दाबा आणि रात्री घरात दोरी बांधून छताच्या पंख्याखाली, दोन कपड्यांत चार बोटं अंतर ठेवून पसरा. जुना पंखा आठ तासांत सुमारे ०.६ युनिट घेतो, नवा कमी विजेचा बीएलडीसी पाव युनिट. आणि तो पंखा तसाही माणसांसाठी चालूच असतो. इस्त्रीनं वाळवण्याचा मोह टाळा. हजार वॉटची इस्त्री अर्धा तास फिरली की अर्धं युनिट गेलं, आणि कव्हरला लागली तर थर वितळून कव्हरही गेलं.

कोणती नॅपी, किती

पावसाळ्यातला त्रास बराचसा नॅपीच्या जातीवरून ठरतो. अनेक थर एकत्र शिवलेल्या ऑल-इन-वन नॅपी वापरायला सोप्या, पण वाळायला दीड-दोन दिवस घेतात आणि आत ओल राहिली की कुबट वास धरतात. पर्यावरणाच्या दृष्टीनं सगळ्यांत हलकी जोडी म्हणजे आपलं जुनं चौकोनी बाळोतं आणि वर पाणी न झिरपणारं कव्हर. बाळोतं उलगडलं की एकपदरी होतं, म्हणून लवकर धुतलं जातं आणि दोन-तीन तासांत वाळतं. कव्हर नुसत्या शूनं भिजत नाही; ओल्या फडक्यानं पुसून, हवा लागू देऊन ते दिवसात तीन-चार वेळा वापरता येतं. शी लागली तरच धुण्यात टाकायचं. धुण्याचा ढीग यानंच निम्म्यावर येतो.

तुमच्या वीस पॉकेट नॅपी टाकू नका. चार महिन्यांच्या बाळाला दिवसाला सात-आठ बदल लागतात. एक दिवसाआड धुवायचं तर सोळा वापरात आणि काही दोरीवर, म्हणजे वीस जेमतेम पुरतात आणि पावसाळ्यात कमी पडतात. आणखी पॉकेट नॅपी विकत घेण्याऐवजी दहा-बारा बाळोती घरीच करा आणि पॉकेटच्या कव्हरात इन्सर्टच्या जागी लांबट घडी घालून वापरा.

ती करायची कशाची? जुन्या सुती साडीची किंवा लुगड्याची. सुती कापडाच्या एका किलोमागे जगाच्या सरासरीनं सुमारे १०,००० लिटर पाणी खर्ची पडलेलं असतं. दोन डझन नवी बाळोती म्हणजे साधारण दीड किलो कापड, १५,००० लिटर. आता फ्रंट लोड मशीन एका धुण्याला ६० लिटर घेतं असं धरलं आणि वर्षात १८० खेपा, तर होतात १०,८०० लिटर. वर्षभराच्या धुण्यापेक्षा नव्या कापडालाच जास्त पाणी लागतं! म्हणून ‘पर्यावरणस्नेही’ म्हणून विकल्या जाणाऱ्या नव्या सेटच्या आधी आजींच्या ट्रंकेत डोकवावं.

साडेपाच मीटरच्या पाचवारीतून ११० सेंटिमीटरचे पाच चौकोन निघतात, नऊवारीतून सात. प्रत्येकाची दोनदा घडी घातली की ५५ सेंटिमीटरचं चारपदरी बाळोतं होतं. काठ आणि जर आधी काढून टाका, त्वचेला टोचते. कडा नुसत्या दुमडून टीप मारा. थर एकमेकांना शिवू नका, नाहीतर उलगडून वाळवण्याचा फायदाच जातो. कापड खरंच सुती आहे का याची शंका असेल तर एक धागा चिमट्यात धरून पेटवा: सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख पडते, पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. तो अर्धा सिंथेटिक कपडा पाणी शोषणार नाही. खळ असेल तर दोन-तीनदा घरच्या कपड्यांबरोबर धुऊन काढा. नव्या कोऱ्या कापडालाही हेच. त्याच्यासाठी वेगळं मशीन लावू नका. पहिल्यांदा पाणी वरच राहतं, झिरपत नाही. चार-पाच धुण्यांनंतर शोषण पूर्ण येतं.

बांबूच्या इन्सर्टबद्दल बरंच गोड लिहिलेलं असतं. ते कापड म्हणजे बांबूच्या लगद्यापासून रसायनांनी काढलेलं व्हिस्कोज. शोषतं चांगलं, पण म्हणून ते सुतापेक्षा निसर्गाच्या जवळचं ठरत नाही, आणि वाळतं सावकाश. मायक्रोफायबर लवकर वाळतं, पण धुताना प्लास्टिकचे सूक्ष्म तंतू सोडतं. घरात आहेत ती संपेपर्यंत वापरा, नवी घेऊ नका. आणि ते बाळाच्या त्वचेला थेट लागू देऊ नका, त्वचेतली ओलही ओढून घेतं.

धुण्याची पद्धत

शी आधी संडासात. घट्ट असेल तर झटकून पडते, पातळ असेल तर हँड फॉसेटच्या एका फवाऱ्यानं. खाली बादली ठेवली तर तेच पाणी फ्लशला चालतं. नॅपीत जुन्या टी-शर्टचं पंधरा बाय तीस सेंटिमीटरचं फडकं अंथरलं तर शी त्यावरच राहते आणि खालचं जाड इन्सर्ट फार मळत नाही. बाजारातले पातळ लाइनर ‘फ्लश करता येतात’ असं लिहिलेलं असलं तरी संडासात टाकू नका. ते टॉयलेट पेपरसारखे विरघळत नाहीत, ड्रेनेजमध्ये अडकतात.

वापरलेल्या नॅपी पाण्यात भिजत घालू नका. पाणी वाया जातं, इलॅस्टिक सैल होतं, एका दिवसात पाणी नासतं, आणि रांगणाऱ्या बाळाच्या घरात पाण्यानं भरलेली बादली हा जीवघेणा धोका आहे. जाळीच्या टोपलीत हवेशीर ठेवा, जास्तीत जास्त दोन दिवस. रात्रीची नॅपी सर्वांत तीव्र असते. ती सकाळीच एकदा गार पाण्यातून काढून टोपलीत टाका.

मशीनमध्ये आधी गार पाण्याचं छोटं प्रीवॉश किंवा नुसतं रिन्स, साबणाशिवाय किंवा चिमूटभर पावडर घालून. गार का, तर शीतली प्रथिनं गरम पाण्यानं धाग्यात बसतात. मे महिन्यात इथे एक गंमत होते: दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी स्वतःच चाळिशीच्या घरात तापलेलं असतं. तेव्हा प्रीवॉश सकाळी लवकर चालवा आणि मुख्य धुणं दुपारी. मशीनच्या हीटरला जवळजवळ कामच उरत नाही.

मग ड्रममध्ये घरातले लहान सुती कपडे, पंचे, टॉवेल घालून तो दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश भरा. अर्ध्या रिकाम्या ड्रमला जवळजवळ तेवढीच वीज आणि पाणी लागतं, आणि नॅपी एकमेकींवर घासल्या जात नाहीत म्हणून स्वच्छही कमी होतात. ठासून भरला तर पाणी आतपर्यंत पोचत नाही. प्रोग्रॅम ‘कॉटन’ घ्या. पंधरा-तीस मिनिटांचा ‘क्विक’ कधीच नको. नॅपीच्या तक्रारींतल्या निम्म्या तक्रारी तिथून सुरू होतात.

आता तापमान. निरोगी बाळ, एन्झाइमवाली (मळ तोडणारे जैविक घटक असलेली) पावडर, लांब प्रोग्रॅम आणि नंतर ऊन असेल तर रोजच्या धुण्याला ४० अंश पुरतात. त्यात मोठा चमचाभर ऑक्सिजन ब्लीच (सोडियम परकार्बोनेट) घाला. ४० अंशांवर ते सावकाश काम करतं, म्हणून प्रोग्रॅम लांब हवा. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल, वेळेआधी जन्मलेलं असेल, जुलाब लागले असतील किंवा बुरशीचा पुरळ असेल तर ६० अंश. तेव्हा विजेचा विचार करू नका. ९० ची गरज घरात पडत नाही, आणि कव्हरचा थर त्यानं सुटतो.

सेमी-ऑटोमॅटिक मशीन असलेल्यांनी स्वतःला कमी समजू नये; पाण्याच्या बाबतीत ते सर्वांत आटोपशीर चालवता येतं. पहिला गार फेरा, मग पंधरा मिनिटं फिरवून अर्धा तास तसंच ठेवून पुन्हा पंधरा मिनिटं. गरम पाणी सोलर हीटरचं घाला. शेवटच्या खळबळण्याचं पाणी बादल्यांत काढून पुढच्या खेपेच्या पहिल्या फेऱ्याला वापरा. टॉप लोड पूर्ण स्वयंचलित मशीन मात्र एका खेपेला सहज शंभर-दीडशे लिटर पाणी घेतं. तिथे पाण्याची पातळी हातानं ठरवायची सोय असेल तर ती वापरा.

बोअरचं पाणी आणि तो वास

तुमच्या कडक नॅपींचं आणि वासाचं मूळ बहुतेक इथेच आहे. माळव्याच्या काळ्या खडकातून येणारं बोअरचं पाणी जड असतं, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. पावडरचा बराचसा भाग त्या क्षारांशी झुंजण्यातच संपतो, मळ नीट निघत नाही, आणि साबण-क्षारांचा थर धाग्यांवर बसत जातो. त्या थरात अडकलेल्या जुन्या लघवीतून अमोनिया तयार होतो. ताजी शू पडली की तो भपकन सुटतो. मशीनमधून काढतानाच वास येत असेल तर धुणं अपुरं आहे. शू केल्यावर झोंबत असेल तर जुना थर साचला आहे.

पाणी किती जड आहे हे घरीच पाहता येतं. साध्या अंगाच्या साबणाचा कीस (डिटर्जंट नको) अर्धी बाटली पाण्यात घालून जोरानं हलवा. हलक्या पाण्याला वर फेस आणि खाली स्वच्छ पाणी दिसतं. जड पाणी दुधाळ होतं आणि कडेला साका धरतो. बोअरचं आणि नर्मदेचं पाणी दोन बाटल्यांत शेजारी ठेवून पाहा, म्हणजे फरक डोळ्यांना कळेल.

घरात दोन टाक्या वेगळ्या असतील तर मशीनचा नळ नर्मदेच्या टाकीला जोडा आणि पहिला गार फेरा बादलीत, बोअरच्या पाण्यात करा. मात्र नर्मदेचं पाणी उधळायचं नाही. ते मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर आणि कमीत कमी ४०० मीटर उंच चढून विंध्य ओलांडून येतं. नुसतं वर चढवायला हजार लिटरला एक युनिटाहून जास्त वीज लागते. पंपाची आणि पाइपांतली तूट धरली तर दीड युनिटाच्या पुढे. साठ लिटरच्या एका धुण्यामागे ०.०९ युनिट, म्हणजे हीटरच्या तुलनेत थोडीच; पण टॉप लोडला दोनदा जादा रिन्स लावलं की ती दुप्पट-तिप्पट होते.

बोअरशिवाय इलाजच नसेल तर पावडर पाकिटावर जड पाण्यासाठी आणि जास्त मळलेल्या कपड्यांसाठी सांगितली आहे तेवढीच घ्या, कमी नको. पर्यावरणाच्या प्रेमानं पावडर निम्मी करणं हीच इथली सर्वांत मोठी चूक असते: थर बसतो, मग पाच-पाच वेळा गरम पाण्यात उकळत बसावं लागतं आणि शेवटी नॅपी फेकाव्या लागतात. जड पाण्याला द्रव डिटर्जंटपेक्षा पावडर बरी. धुण्याचा सोडा मदत करतो, पण मोजून. लिटरला ३०० मिलिग्रॅम क्षार असतील तर मुख्य धुण्यातल्या १५ लिटर पाण्याला कोरड्या पावडर-सोड्याचे पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर पुरतात. खड्याचा सोडा असेल तर तेरा-चौदा ग्रॅम, कारण त्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. मूठभर टाकला तर कॅल्शियम खडूसारखं कापडावरच बसतं आणि बाळोती आणखी कडक होतात.

आत्ता बसलेला थर काढायला सुती इन्सर्ट आणि बाळोतीच घ्या, कव्हर बाजूला ठेवा. दहा लिटर गरम पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्त्व (सायट्रिक अ‍ॅसिड) घालून एक तास बुडवा, खळबळून काढा, आणि मग एकदाच ६० अंशांवर पुरेशी पावडर आणि ऑक्सिजन ब्लीच घालून लांब प्रोग्रॅमवर धुवा. लिंबूसत्त्व आणि क्लोरीनचं ब्लीच कधीही एकत्र आणू नका, विषारी वायू सुटतो. हे काम दर आठवड्याचं नाही. सहा महिन्यांत दुसऱ्यांदा करावं लागलं तर रोजच्या धुण्यात कुठेतरी कमी पडतंय असं समजा.

काय टाळायचं तेही सांगतो. फॅब्रिक सॉफ्टनर धाग्यावर मेणासारखा बसतो आणि शोषण मारतो. अँटिसेप्टिकचं झाकणभर शेवटच्या पाण्यात टाकायची आपल्याकडे सवय आहे. नीट धुतलेल्या, उन्हात वाळलेल्या बाळोत्याला त्याची गरज नाही, आणि त्याचा अंश त्वचेला चरचरतो. रिठ्याबद्दल आपुलकी वाटते, लोकरीला तो उत्तमही आहे, पण त्यात एन्झाइम नसतात आणि जड पाण्यात शीचा मळ तो काढत नाही. खोबरेल किंवा जस्ताचं मलम लावायचं असेल तेव्हा मध्ये टी-शर्टचं फडकं घाला, नाहीतर चिकटा इन्सर्टमध्ये मुरतो आणि पाणी ओघळून जातं.

सांडपाण्याचंही भान असू द्या. साबण नसलेलं, फक्त शूच्या बाळोत्यांचं पहिलं पाणी झाडांना चालतं. त्यात नत्र असतं, पण तितकंच साधं पाणी मिसळून आणि खाण्याची पालेभाजी वगळून. साबणाचं पाणी मात्र अंगणात सोडू नका. त्यातल्या सोडियमनं काळी माती घट्ट, चिकट होते, पाणी मुरेनासं होतं. ते ड्रेनेजलाच जाऊ द्या. शहराचं सांडपाणी शेवटी कान्ह नदीच्या आणि तिच्यामार्फत क्षिप्रेच्या वाट्याला येतं, म्हणून पावडर लागते तेवढी पुरेपूर आणि त्यावर एक चमचाही जास्त नाही.

नॅपीच कमी लागतील असं करता येतं

बाळाची मान धरली की आजी त्याला सकाळी उठल्याबरोबर आणि दुधानंतर पायांवर धरून शी-शूला बसवतात. ही जुनी सवय पर्यावरणाच्या हिशेबात फार मोलाची आहे. दिवसातली एक शी जरी अशी परस्पर गेली तरी धुण्यातली सर्वांत अवघड नॅपी कमी झाली. जबरदस्ती नको, दोन-तीन मिनिटांत झालं नाही तर उचलायचं. इंग्लंडचा हिशेब अडीच वर्षांचा आहे. मूल दोन वर्षांचं होताना नॅपीतून सुटलं तर एक-पंचमांश बोजा तिथेच गळतो.

रात्रीसाठी किंवा प्रवासात एखादा डायपर वापरला तर मनाला लावून घेऊ नका. दिवसाचे सात-आठ बदल धुण्याच्या नॅपीवर आणि एक डायपर, हे चालण्यासारखं आहे. घरात पाचजणांची झोप उडवून रात्री दोनदा धुणं काढण्यापेक्षा बरं. फक्त त्याची विल्हेवाट नीट हवी. शी संडासात टाकून, डायपर कागदात घट्ट गुंडाळून कचरा गाडीच्या सॅनिटरी कचऱ्याच्या वेगळ्या कप्प्यात द्या. डायपर गुंडाळूनच द्यायचं हे २०१६ च्या घनकचरा नियमांनीही सांगितलं होतं, मात्र तेव्हा ते सुक्या कचऱ्यात. इंदूरचा ओला कचरा देवगुराडियाच्या प्लांटमध्ये गॅस करायला जातो, दिवसाला ५५० टन क्षमतेचा तो प्लांट २०२२ पासून चालू आहे. त्यात गेलेला प्रत्येक डायपर प्लास्टिक आणि शोषक जेल घेऊन शिरतो.

टिकवणं आणि पुढे देणं

कव्हरचं इलॅस्टिक दीड-दोन वर्षांत सैल होतं आणि मांडीपाशी गळती सुरू होते. तेवढ्यासाठी कव्हर टाकू नका. शिंप्याकडे नेऊन जुनं उसवून पाव इंची इलॅस्टिक घालून घ्या. पट्टी जुन्या इलॅस्टिकच्या मूळ लांबीएवढी कापायची, सैल झालेल्या लांबीएवढी नाही. टिचबटण निघालं तर तेही बॅग दुरुस्त करणारा बसवून देतो. आतल्या बाजूला थराचे फुगे दिसू लागले, पापुद्रे सुटले तर मात्र कव्हर संपलं. विरलेली बाळोती मग लाळेरं, नाक पुसायचं फडकं आणि शेवटी लादी पुसायला.

दुसऱ्या बाळासाठी किंवा नात्यात द्यायला ठेवताना सगळं शेवटचं एकदा ६० अंशांवर धुऊन, दोन दिवस कडक वाळवून, सुती पिशवीत ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत उरलीसुरली ओल बुरशी आणते. कव्हरच्या बटणपट्ट्या लावून, इलॅस्टिक न ताणता सपाट ठेवा. कसर लागू नये म्हणून सुकलेला कडुनिंबाचा पाला घाला. डांबराच्या गोळ्या अजिबात नकोत. त्यातल्या नॅप्थलीनचा अंश कापडात राहतो, आणि जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची जन्मतः कमतरता असलेल्या बाळाला अशा कपड्यांच्या स्पर्शानं आणि वासानं रक्तपेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते. कुणाकडून जुनी बाळोती घेतली आणि त्यांना त्या गोळ्यांचा वास आला, तर उन्हात घालून आणि दोनदा धुऊनही तो गेल्याची खात्री होईपर्यंत बाळाला लावू नका; वास राहिला तर ती लादीलाच घ्या.